लांडगा आणि कुत्र्याचा संकर होतोय. दौंड-शिरूरच्या माळावर नेमकं काय धोक्यात आहे?

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, दौंड, शिरूर, बारामती, इंदापूरच्या माळरानांवर आजही लांडगे आढळतात. पण या लांडग्यांना आता बंदुकीपेक्षा वेगळाच धोका आहे. तो म्हणजे गावातली भटकी कुत्री. कुत्रा लांडग्याला मारतो म्हणून नव्हे, तर दोघांची पिल्लं होतात म्हणून. यात एवढं चिंतेचं काय आहे? सोप्या भाषेत समजून घेऊया.

पुण्याजवळ काय आढळलं?

पुणे परिसरात काही वेगळ्याच रंगाचे लांडगे दिसत होते. बेंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस), 'अत्री' ही संशोधन संस्था आणि पुण्याची 'द ग्रासलँड्स ट्रस्ट' यांच्या संशोधकांनी त्यांची जनुकीय तपासणी केली. हे प्राणी लांडगा आणि कुत्र्याचा संकर असल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून स्पष्ट झालं. संकराचा असा जनुकीय पुरावा भारतात पहिल्यांदाच मिळाला.

दोन वेगळे प्राणी, मग पिल्लं कशी होतात?

लांडगा आणि कुत्रा या दोघांच्याही पेशीत ७८ गुणसूत्रं असतात. कुत्रा लांडग्यापासूनच माणसाळला, त्याला किमान १५ हजार वर्षं झाली. उत्क्रांतीच्या हिशेबात हा काळ फार थोडा. त्यामुळे त्यांची पिल्लं घोडा-गाढवाच्या खेचरासारखी वांझ निघत नाहीत. ती पुढे लांडग्यांशी जोडी करतात आणि कुत्र्याची जनुकं कळपात शिरतात.

सरमिसळ झाली तर बिघडलं कुठे?

एखाद्या भागात तगून राहण्यासाठी एक गुण पुरत नाही. कमी पाणी, उन्हाळा, उघडा माळ, कळपाने शिकार, माणसापासून राखलेलं अंतर, हे सगळं एकत्र जमावं लागतं. यालाच स्थानिक अनुकूलन म्हणतात. प्रत्येक पिढीत आई-वडिलांची जनुकं पत्त्यांसारखी पिसली जातात. बाहेरचे पत्ते सतत येत राहिले, तर जमलेला डाव मोडतो.

निसर्गाकडे यावर उपाय नाही का?

काही प्राण्यांमध्ये आहे. त्याचं नाव इन्व्हर्जन, म्हणजे गुणसूत्राचा उलटा बसलेला तुकडा. गुणसूत्राचा एक भाग तुटतो आणि १८० अंशांत फिरून पुन्हा तिथेच जोडला जातो. रेल्वेगाडीतले मधले चार डबे काढून उलट्या क्रमाने जोडावेत, तसं. डबे तेच, क्रम उलटा. असा तुकडा सरळ तुकड्यासमोर आला की दोघांत नीट अदलाबदल होत नाही. परिणामी त्यातली जनुकं एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. जमलेल्या डावाला जणू कुलूप लागतं.

अल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२१ मध्ये फळमाशीत हा प्रकार दाखवला. पुढे थिओडोसियस डोब्झान्स्की यांना असे तुकडे ऋतू आणि उंचीनुसार कमी-जास्त होताना दिसले. आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या डासांमध्ये असाच एक तुकडा कोरड्या प्रदेशात जास्त आढळतो. अमेरिकेतल्या डिअर माऊस या उंदरात जंगलातल्या उंदरांची लांब शेपटी आणि गडद रंग, दोन्ही एकाच उलट्या तुकड्याशी जोडलेले असल्याचं २०२२ मध्ये दिसून आलं. जंगल आणि माळावरचे उंदीर एकमेकांत मिसळत असूनही हे गुण टिकून आहेत. माणूस आणि चिंपांझीच्या गुणसूत्रांतही असे नऊ मोठे फरक आहेत.

मग लांडग्याला हे कुलूप का वाचवत नाही?

इन्व्हर्जन फक्त आपल्या तुकड्यातली जनुकं एकत्र ठेवतं. बाकीच्या गुणसूत्रांवर सरमिसळ चालूच राहते. शिवाय असं कुलूप टिकायला निवडीचा दाब लागतो, म्हणजे त्या जागी तोच डाव यशस्वी ठरावा लागतो. माळच बदलला, तर डावाचा उपयोग संपतो. लांडगा-कुत्र्याची पिल्लं प्रजननक्षम आहेत, याचाच अर्थ दोघांमध्ये पक्की जनुकीय भिंत नाही. आजवर त्यांना वेगळं ठेवलं ते राहणीमानाने: एक माळावर, दुसरा गावात.

हे अंतर का कमी होतंय?

कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहती, रस्ते, प्लॉटिंग, कालव्याखाली वाढलेला ऊस यामुळे माळ तुकड्यांत विभागला गेला. सरकारी दप्तरात गवताळ माळाची नोंद बऱ्याचदा 'पडीक' अशीच राहिली. गावाबाहेर टाकलेला कचरा आणि मेलेल्या कोंबड्या खायला कुत्री येतात, लांडगेही येतात. कळप विस्कळीत झाला, जोडीदार मिळेनासा झाला की लांडगा कुत्र्याशी जोडी करतो.

गमावण्यासारखं काय आहे?

भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक मानला जातो. भारत-पाकिस्तान मिळून त्यांची संख्या सुमारे तीन हजारच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. पण कायदा शिकार रोखतो, संकर नाही.

उपाय काय?

माळालगतच्या गावांत कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण, पोल्ट्रीच्या कचऱ्याची नीट विल्हेवाट आणि शेळ्या-मेंढ्या गमावणाऱ्या मेंढपाळांना वेळेत भरपाई. धनगर वाड्यांनी पिढ्यानपिढ्या लांडग्याशेजारी मेंढरं राखली आहेत. त्यांच्या सोबतीशिवाय यातलं काही होणार नाही. लांडगा नामशेष झाला तर ते निदान लक्षात येतं. संकरात मात्र माळावर लांडग्यासारखा प्राणी दिसत राहतो आणि आतला लांडगा हळूहळू संपतो.