सात अक्षरांतून शब्द कसा शोधाल?

वाचकहो, आपल्या मुलाची इंग्रजीची उत्तरपत्रिका एकदा शांतपणे हातात घेऊन पाहा. उत्तर येत होते, अर्थही कळला होता, परंतु केवळ स्पेलिंग चुकले म्हणून किती गुण गेले ते मोजा. घरात इंग्रजी जाणणारे कोणी नाही, शिकवणीची फी परवडत नाही, मग ते मूल एकेक स्पेलिंग दहा-दहा वेळा वहीत लिहिते आणि आठवड्याने विसरते. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापर्यंत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे, नंतर ते पहिलीपासून आले. म्हणजे आजच्या पालकांपैकी पुष्कळांची एबीसीडीशी ओळखच दहा-अकराव्या वर्षी झालेली आहे. स्पेलिंगची धास्ती आई-बापांकडून मुलांकडे उतरते ती अशी. ती घालविण्याचा एक घरगुती उपाय आम्ही आज सांगणार आहोत. तो खेळाचा आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

या खेळाचे नाव स्क्रॅबल. त्याचा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतील एक वास्तुशिल्पकार. १९३०च्या दशकातील मंदीत त्याचे काम सुटले. रिकाम्या वेळात तो वर्तमानपत्रे समोर घेऊन त्यांतील अक्षरे मोजत बसला, कोणते किती वेळा येते ते! १९४८ साली जेम्स ब्रुनो याने या खेळाला आजचे नाव दिले. खेळात एकूण १०० सोंगट्या असतात, त्यांपैकी दोन कोऱ्या. ई हे अक्षर १२ वेळा, ए आणि आय नऊ-नऊ वेळा, तर क्यू आणि झेड फक्त एकेकदा. जे अक्षर दुर्मिळ त्याला गुण जास्त, म्हणून ई ला एक आणि क्यू-झेडला दहा-दहा. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले आहेत, कारण शेवटी एस लावून अनेकवचन करणे फारच सोपे होऊन बसले असते.

ही मोजदाद बट्सच्या आधीही उपयोगी पडली आहे. ज्यांनी तार कचेरी पाहिली असेल त्यांना कट्ट-कडकट्ट आठवत असेल. तारेच्या त्या लिपीत ई म्हणजे नुसता एक टिंब आणि टी म्हणजे नुसती एक रेघ, कारण ही अक्षरे इंग्रजीत फार येतात. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, परंतु हिशेब तोच आहे. अलीकडे मुले फोनवर वर्डल खेळतात. पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. त्यातही पहिल्या प्रयत्नाला ई, ए, आर, टी असलेला शब्द टाकणारा पुढे असतो आणि झेड-एक्सने सुरुवात करणारा चाचपडत राहतो.

दुकानातील डबा घेण्याची गरज नाही. प्रत्येक घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यांचा जाड कागद कापून १०० चौकोन करा, एका बाजूला अक्षर व कोपऱ्यात गुण लिहा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आडवी १५, उभी १५ घरे आखा. प्रत्येकाने न पाहता सात चौकोन उचलायचे आणि पटावरील शब्दाला जोडून नवा शब्द लावायचा. सातही चौकोन एकाच डावात लागले तर ५० गुण जादा. व्यक्तींची, गावांची नावे चालत नाहीत, म्हणजे नागपूर नाही आणि मुंबईही नाही.

पंच कोण? आमचे म्हणणे असे की पंच आईने व्हावे. ‘मला कुठे इंग्रजी येते?’ असे ती म्हणेल. परंतु पंचाला अर्थ सांगायचा नसतो. शब्द डिक्शनरीत आहे की नाही एवढेच पाहायचे असते. त्यासाठी ए नंतर बी, बी नंतर सी हा क्रम ठाऊक असला की पुरे. आम्ही पाहिले आहे की पंच झालेली आई महिन्याभरात मुलांपेक्षा झरझर पाने उलटू लागते, आणि ‘नाही, हा शब्द नाही’ असे तिने सांगितले की कॉलेजात जाणारा मुलगाही गप्प बसतो.

आता मुख्य प्रश्न. हातात सात अक्षरे आहेत, शब्द सुचत नाही. काय करावे?

मराठीत जसे बोलतो तसे लिहितो. इंग्रजीत तसे नाही, आणि आपली मुले अडतात ती नेमकी येथेच. ‘फ’ ऐकू आला म्हणून मूल एफ शोधते, पण फोन पी-एचमध्ये असतो. ‘न’ ऐकू आला म्हणून एन पाहते, पण नाईफच्या आधी के उभा असतो. सायकलमध्ये तर एकच सी पहिल्यांदा ‘स’ होतो आणि दुसऱ्यांदा ‘क’! म्हणून उच्चार बाजूला ठेवून अक्षरांच्या जोड्या पाहायला शिकवावे. हातात आय, एन, जी आली की ती वेगळी काढून उजवीकडे ठेवावीत, ते शेपूट शेकडो शब्दांना लागते. ई-आर, ई-डी यांचेही तसेच. आय-जी-एच-टी ही चार अक्षरे आली तर त्यांच्या आधी एल, एन, आर, एफ, एम, एस, टी एकेक लावून पाहा. लाईट, नाईट, राईट, फाईट, माईट, साईट, टाईट असे सात शब्द एका बैठकीत पाठ होतात. मुलाला वेगळे काही घोकावे लागत नाही. स्वर एकही आला नाही तर निराश होऊ नये, वाय असला तरी काम भागते. फ्लाय, क्राय, ड्राय आहेतच, आणि ऱ्हिदम हा सहा अक्षरी शब्द ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकाही अक्षराशिवाय उभा आहे.

क्यू आला की सगळे हादरतात, कारण त्याच्या मागे यू लागतो आणि यू चारच आहेत. यू नसेल तर? येथे गंमत आहे. कॉलिन्सची जी शब्दसूची स्क्रॅबलला मान्य आहे, तिच्यात क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द आहे. चिनी कल्पनेतील प्राणशक्तीला ‘ची’ म्हणतात, तोच हा. आणि दुसरा आपल्या दारात येणारा फकीर! एफ-ए-क्यू-आय-आर, १७ गुण. कव्वालीसुद्धा आहे, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, बरोबर सात अक्षरे आणि २२ गुण. सातही हातातून लागली तर ७२! इंग्रजी शब्दाच्या शेवटी जे सहसा येत नाही, परंतु राज आणि ताज हे दोन्ही मान्य आहेत. डी-एचने सुरू होणारे म्हणून धोबी व धोतर यांची आठवण ठेवावी, धोतर तेथे ‘धोती’ म्हणून गेले आहे. ज्वारी ‘जोवार’ म्हणून १५ गुण देते, बाजरी ‘बाजरा’ म्हणून १४. डाळ, रोटी, लाख, करोडचे ‘क्रोर’, स्तूप, विहार, सूत्र हे सारे त्या सूचीत आहेत. इंग्रजी ही साहेबाची मिरास आहे असे ज्या मुलाला वाटते, त्याला ही ज्वारी-बाजरी अवश्य दाखवा.

पट मांडायला वेळ नसेल तर एकच मोठा शब्द घ्या आणि त्याच्या पोटातील शब्द काढा. आमच्या आवडीचा शब्द कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे संविधान. त्यात १२ अक्षरे आहेत: सी, एस, यू एकेक, ओ, एन, आय दोन-दोन आणि टी तीन. कॉटन निघते, युनियन निघते, नोशन, काउंट, कॉईन, युनिट निघतात. ट्यूशनही त्याच्या पोटात आहे! इन्स्टिट्यूशन मात्र निघत नाही. मुले हमखास ते लिहितात, पण त्याला आय तीन लागतात आणि येथे दोनच आहेत. मोजून पाहण्याची सवय लागते ती अशी. या शब्दात ए नाही आणि ईही नाही, म्हणून ‘कास्ट’, म्हणजे जात, त्यातून कितीही खटपट केली तरी निघत नाही.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सात अक्षरे भरली की सगळे शब्द क्षणात दाखविणारी साधने आज फोनमध्ये फुकट मिळतात. ती डाव चालू असताना वापरू देऊ नयेत. डाव संपल्यावर मात्र जरूर पाहावे, ‘अरे, हा शब्द आपल्या हातात होता!’ असा जो चटका लागतो, त्याने तो शब्द पक्का बसतो. आणि शब्द म्हणजे भाषा अशीही समजूत करून घेऊ नये. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा इंग्रजी स्क्रॅबलचा अनेक वेळचा विश्वविजेता. २०१५ साली तो फ्रेंच स्क्रॅबलचाही विश्वविजेता झाला, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते! काही आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्दांची सूची पाठ केली होती. पराक्रम मोठाच, पण नोकरीच्या मुलाखतीत तो उपयोगी पडणार नाही. म्हणून आमच्या मते प्रत्येक डावानंतर पटावरील कोणतेही तीन शब्द घेऊन मुलाने तीन वाक्ये करावीत. आठवड्याला दोन डाव पुरेत, परीक्षेच्या दिवसांत एकही नको.

पुढील अंकापर्यंत घरातील सर्वांनी मिळून एक कोडे सोडवावे. एज्युकेशन, म्हणजे शिक्षण, या शब्दात ई, डी, यू, सी, ए, टी, आय, ओ, एन अशी नऊ अक्षरे आहेत व पाचही स्वर एकेकदा आलेले आहेत. ही नऊच्या नऊ अक्षरे वापरून आणखी दोन शब्द होतात. एकाचा अर्थ ‘सावध केले’ आणि दुसऱ्याचा ‘लिलावात विकले’. दोन्ही शब्दांच्या शेवटी ई-डी आहे, एवढे सांगून ठेवतो.