देशाचे वजन झाले, जालन्याचा मजूर मात्र काट्याबाहेर

२३ फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लठ्ठपणाविरुद्ध हाक दिली. प्रत्येकाने स्वयंपाकातले तेल दहा टक्के कमी करावे, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी उद्योगपती, अभिनेते, खेळाडू अशा दहा नामवंतांची नावे जाहीर करून ही मोहीम पुढे नेण्याचे आवाहन केले. देशात लठ्ठपणा वाढतो आहे, ही गोष्ट खोटी नाही. प्रश्न इतकाच आहे, की परतूर-मंठ्याच्या वस्तीवर जी बाई पावशेर तेलात आठवडा काढते, तिने दहा टक्के कशातून कमी करायचे? आणि ती बाई लठ्ठ आहे, कुपोषित आहे की दोन्ही, हे सरकारने नीट मोजले आहे काय?

आज आम्ही या मोजण्याविषयीच बोलणार आहोत. ज्याची नोंद नाही त्याला निधी नाही, हा आपल्या चळवळीचा जुना अनुभव आहे.

देशातील प्रौढांचे वजन आणि उंची मोजण्याचे मोठे काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते राबवते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला शरीर वस्तुमान निर्देशांक म्हणजेच बीएमआय म्हणतात. १८.५ च्या खाली कृश, २५ च्या वर जादा वजन आणि ३० च्या वर लठ्ठ, अशी ही फूटपट्टी आहे. २००५-०६ च्या तिसऱ्या सर्वेक्षणात देशातील सुमारे ३६ टक्के स्त्रिया कृश आणि जवळपास १३ टक्के जादा वजनाच्या होत्या. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात कृश स्त्रिया १८.७ टक्के आणि जादा वजनाच्या २४ टक्के झाल्या. महाराष्ट्रात हेच आकडे २०.८ आणि २३.४ आहेत. म्हणजे आपल्या प्रगत म्हणवणाऱ्या राज्यात पाचातली एक बाई हाडाची काडी आणि जवळपास चारातली एक जादा वजनाची. शिवाय निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी.

सत्ताधारी यातला पहिला आकडा खाली आला म्हणून पाठ थोपटून घेतात आणि दुसरा वर गेला म्हणून जनतेला उपदेश करतात. पण फूटपट्टीच तपासून पाहू. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ४२ किलो भरले, तर निर्देशांक १८.७ येतो. सरकारी कागदावर ती 'सामान्य' ठरते. बांधकामावर सिमेंटची गोणी ५० किलोची असते. स्वतःच्या वजनापेक्षा जड ओझे ज्या ठिकाणी रोज हलवले जाते, तिथे या 'सामान्य' शब्दाचा अर्थ काय?

ही फूटपट्टी आली कुठून? बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ क्वेटले याने १८३० च्या दशकात 'सरासरी माणूस' शोधताना हे सूत्र मांडले. आजचे नाव १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी दिले. आशियाई देहाला ती जशीच्या तशी लागू पडत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. आशियाई लोकांमध्ये धोका २३ पासूनच सुरू होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये मांडले. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांची एक तुलना 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासातून याज्ञिकांनी दाखवले, की आपली बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त असते. पोटात असताना आईला जे मिळाले नाही, त्याची वसुली पुढे मधुमेह करतो.

हे आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. आपल्या वस्तीतला पोट सुटलेला, हातपाय काटकुळे असलेला पन्नाशीचा माणूस 'खाऊन माजलेला' नसतो. तो उपासमारीतून आलेला मधुमेही असतो. पाचव्या सर्वेक्षणात पहिल्यांदाच कंबर आणि नितंब यांचे प्रमाण मोजले गेले, तेव्हा देशातील ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष धोक्याच्या रेषेपलीकडे निघाले. बीएमआयने जादा वजनाचे ठरवले त्यांच्या दुपटीहून हे जास्त आहेत.

आता जालन्याकडे येऊ. 'जालना सोने का पालना' अशी या शहराची जुनी ख्याती. १ मे १९८१ रोजी हा स्वतंत्र जिल्हा झाला. लोखंडाच्या रोलिंग मिल, बियाण्यांचे कारखाने, मोसंबीच्या बागा हे त्याचे वैभव. दुसऱ्या बाजूला २०१२-१३ चा दुष्काळ आणि दरवर्षी अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यातून कोयता घेऊन निघणाऱ्या जोड्या. भट्टीसमोर घाम गाळणारा, ऊस तोडणारा हा माणूस कोण, हे आम्ही सांगायला नको.

या माणसाचे वजन जिल्ह्याच्या पत्रकात शोधा. सापडणार नाही. पाचव्या सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात फक्त १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या वजनाचा रकाना आहे. पुरुषांची उंची-वजने सुमारे १५ टक्के घरांतच घेतली, ती राज्याच्या आकड्यापुरती. गंमत अशी, की रक्तातली साखर आणि रक्तदाब १५ वर्षांवरील सर्वांचा तपासला. म्हणजे जालन्यातील पुरुषाची साखर पत्रकात आहे, वजन नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचा रक्तदाब आहे, वजन नाही. ४५ वर्षांवरील लोकांची 'लासी' ही पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, पण तीही राज्यापर्यंत येऊन थांबते.

त्यातही दोन गोष्टी ध्यानात घ्या. महाराष्ट्राचा भाग पहिल्या टप्प्यात, कोरोनापूर्वी मोजला गेला. टाळेबंदीत पायी घरी आलेल्या मजुराच्या अंगावर किती मांस उरले, ते या आकड्यांत नाही. दुसरे म्हणजे, आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेल्यांचीच मोजणी होते. फडावरच्या कोपीत झोपलेल्या बाईच्या गावातल्या दाराला तेव्हा कुलूप असते.

आणि जात? देशाच्या व राज्याच्या अहवालात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास असे रकाने असतात. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध, नवबौद्ध' असाही उल्लेख असतो. जिल्ह्याच्या पत्रकात यातले काहीच नाही. नमुना लहान असतो, जातवार टक्केवारी भरवशाची निघत नाही, असे तज्ज्ञ सांगतात. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण मग नमुना वाढवा! देशात नेमके कोण काय खाते हे मोजणारा राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग १९७२ पासून महाराष्ट्रासह दहा राज्यांत काम करीत होता. २०१५ मध्ये तो गुंडाळण्यात आला. ताटात डोकावणारा डोळाच मिटून घेतला आणि आता ताटातले तेल कमी करा म्हणतात.

ताटाचेच बोलायचे, तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम गहू-तांदूळ. पोट भरायला आधार झाला, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यात डाळ नाही, तेल नाही, अंडे नाही. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत एकेक किलो रवा, हरभराडाळ, साखर आणि एक लिटर तेल दिले. प्रथिने काय फक्त सणाला लागतात? जालन्यासह चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा दीडशे रुपये ठरले.

मांसाचेही तसेच. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले आणि समाजाने स्वाभिमानासाठी ते सोडले. तो आपला निर्णय होता. २०१५ मध्ये राज्याने बैलाच्या मांसावर बंदी घातली, तो आपला निर्णय नव्हता. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. ते वाचल्यावर कळते, की आपल्या ताटातून काय काय गेले. त्या जागी काय आले? पाच रुपयांचा बिस्किटपुडा आणि नमकीनची पुडी. सप्टेंबर २०२५ मध्ये या दोन्हींवरचा जीएसटी पाच टक्क्यांवर आणला गेला. स्वस्त कॅलरी गरिबाच्या दारात आणि उपदेशही त्याच्याच दारात!

संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरवले आहे. मार्गदर्शक तत्त्व म्हणून ते थेट न्यायालयात अंमलात आणता येत नाही, हे खरे. परंतु पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने अन्नयोजनांना हक्काचे रूप दिले. अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात अन्न येते. पोषणमान उंचावायचे, तर ते आधी मोजलेच पाहिजे. न मोजणे हेही कर्तव्यात कसूर करणेच आहे, असे आम्ही कायद्याचे अभ्यासक म्हणून म्हणतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. जिल्हा पत्रकात पुरुषांचे आणि पन्नाशीपुढच्या स्त्री-पुरुषांचे वजन आले पाहिजे. बीएमआयसोबत कंबरेचे माप आणि २३ ची रेषा वापरली पाहिजे. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, बौद्ध यांचे वेगळे आकडे निघतील एवढा नमुना घेतला पाहिजे. ऊसतोड हंगामात फडावर जाऊन मोजमाप झाले पाहिजे. रेशनवर डाळ आणि तेल कायमचे आले पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील, आपण वाट का पाहावी? आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा तपासणी अर्ज भरतात. त्यात कंबरेचे माप विचारलेले असते, बाईला ८० आणि पुरुषाला ९० सेंटिमीटरची मर्यादा असते. हे अर्ज गावोगाव भरले गेले आहेत. त्यांची तालुकावार बेरीज माहितीच्या अधिकारात मागता येते. जालन्याच्या आठही तालुक्यांत कार्यकर्त्यांनी दहा रुपयांचे तिकीट लावून हा एक अर्ज टाकावा. शिवाय प्रत्येक बुद्धविहारात एक वजनकाटा, एक टेप आणि एक वही ठेवावी. पौर्णिमेला वंदना झाली, की स्त्री-पुरुष सर्वांचे माप घेऊन वहीत लिहावे. वर्षभराने ती वही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवता येईल. मग दहा टक्के तेल कोणी कमी करायचे, ते त्यांनीच वाचून सांगावे.