किंकाळी मनातल्या मनात : महासाथ, थीम पार्क आणि आमची समीक्षा

जपानमध्ये फुजी पर्वताच्या परिसरात फुजी-क्यू हायलँड नावाचे एक मनोरंजन उद्यान आहे. २०२० च्या उन्हाळ्यात ते पुन्हा सुरू झाले तेव्हा रोलर कोस्टरवर बसणाऱ्यांनी ओरडू नये अशी सूचना तेथे होती. ओरडताना तोंडावाटे तुषार उडतात व त्यांतून संसर्ग पसरतो, हे तिचे कारण. एवढ्या उंचीवरून खाली कोसळताना गप्प कसे राहायचे, असा प्रश्न लोकांनी केला. त्याला उत्तर म्हणून एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. औपचारिक पोशाखातले, मास्क लावलेले दोन अधिकारी 'फुजियामा' या पाळण्यात बसून संपूर्ण फेरी निर्विकार मुद्रेने पार पाडतात आणि शेवटी पडद्यावर विनंती उमटते : किंकाळी मनातल्या मनात फोडा.

या विनंतीवर जगभर हसू उमटले, आणि ते स्वाभाविकच होते. आमच्या मते मात्र महासाथीच्या काळात या उद्योगाने जो मजकूर प्रसृत केला त्यात याच्याइतके प्रामाणिक वाक्य दुसरे नाही. रोलर कोस्टर हे यंत्रच मुळी किंकाळीसाठी बांधलेले असते. चारचौघांत, लाज न बाळगता ओरडण्याची मुभा माणूस तेथे पैसे मोजून घेतो. ती मुभा गेली आणि तिकीट राहिले. उत्स्फूर्तता ही जेथे विक्रीची वस्तू असते तेथे विक्रेता ती हवी तेव्हा परत घेऊ शकतो, ही गोष्ट एरवी रोषणाईत झाकलेली असते. येथे ती उघड्यावर आली.

आमचा वाद दोन पक्षांशी आहे. पहिला पक्ष व्यवस्थापनशास्त्रींचा. महासाथीनंतर गर्दी कशी हाताळावी, सार्वजनिक स्थळे कशी उघडावीत, हे थीम पार्कांकडून शिकावे, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पक्ष आमच्याच घरातला, म्हणजे साहित्याच्या विभागांतला. थीम पार्क हा शब्द उच्चारताच जो बोद्रियारचे नाव घेतो आणि विषय संपला असे समजतो, तो. हे दोन पक्ष एकमेकांचे विरोधक दिसतात. प्रत्यक्षात दोघांनाही एकच गोष्ट दिसत नाही : त्या उद्यानात काम करणारा माणूस.

आधी घरच्यांकडे पाहू. उम्बेर्तो एको यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील मेणाच्या पुतळ्यांच्या व नकली किल्ल्यांच्या प्रवासावर निबंध लिहिला. बोद्रियार यांनी १९८१ मध्ये असे मांडले की, डिस्नेलँड काल्पनिक म्हणून सादर केले जाते ते त्याबाहेरची अमेरिका खरी वाटावी म्हणून. विचार धारदार होता. पण आमच्या वर्गांतून तो इतक्या वेळा फिरला की त्याची धार जाऊन केवळ चकाकी उरली. उद्यान म्हणजे प्रतिमांची प्रतिमा, तेथे वास्तव नाहीच, असे एकदा म्हटले की तेथील पगारपत्रक, पाळीचे तास, आजारपणाची रजा यांविषयी काही विचारण्याची गरज राहत नाही. विषाणूने या सिद्धान्ताची फार साधी परीक्षा घेतली. त्याला मूळ आणि प्रतिरूप यांतला भेद कळत नव्हता. उंदराच्या मुखवट्याआड श्वास घेणारी छाती खरीच होती.

डिस्नेची परिभाषा साहित्याच्या माणसाने खरे तर कान देऊन ऐकावी अशी आहे. तेथे कर्मचारी नसतात, 'पात्रवर्ग' असतो. गणवेश नसतो, 'वेशभूषा' असते. पाहुण्यांसमोरची जागा 'रंगमंच', बाकीची 'रंगमंचामागे'. रूपक एवढे सर्वंकष आहे की झाडू मारणाराही भूमिकाच करीत असतो. २०२० साली या रूपकाचे काय झाले ते तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे.

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड मार्च २०२० मध्ये बंद झाले व ११ जुलै रोजी त्याची पहिली दोन उद्याने उघडली. दुसऱ्याच दिवशी, १२ जुलैला, फ्लोरिडा राज्याने एका दिवसात १५,००० हून अधिक नवे रुग्ण नोंदवले. अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा तोवरचा तो सर्वांत मोठा दैनिक आकडा होता. कामावर परतण्यापूर्वी कलावंतांची नियमित चाचणी व्हावी, अशी मागणी तेथील रंगकर्मींच्या 'अ‍ॅक्टर्स इक्विटी' या संघटनेने केली होती. कंपनीने ती तेव्हा मान्य केली नाही, आणि संघटनेचे कलावंत बाहेरच राहिले. ज्या स्थळाने आपल्या प्रत्येक झाडूवाल्याला नट म्हटले ते उघडले तेव्हा खरे नटच तेथे नव्हते. आवारात चाचणीची सोय झाल्यावर ऑगस्टमध्ये समझोता झाला. दरम्यान त्याच विस्तीर्ण आवारात एनबीएचा बास्केटबॉलचा हंगाम खेळवला जात होता. त्या खेळाडूंसाठी बंदिस्त वसाहत होती, नियमित चाचण्या होत्या. त्यांचा बंदोबस्त वेगळ्या संघटनेने केला होता, हे खरे. पण एकाच आवारात दोन प्रकारच्या शरीरांसाठी दोन प्रकारच्या सावधगिऱ्या असू शकतात, हे त्यातून दिसले ते दिसलेच. सप्टेंबरअखेर कंपनीने आपल्या उद्यान विभागातील २८,००० जणांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत सुमारे दोन तृतीयांश अर्धवेळ काम करणारे होते. नाटक कंपनी तोट्यात गेली की पात्रे कमी होतात, असे म्हणून रूपक येथेही निभावता येईल. आम्ही ते निभावू इच्छीत नाही.

व्यवस्थापनशास्त्री यावर म्हणतील : पण उद्यान सुरक्षित राहिले ना? त्यांचा मुद्दा पोकळ नाही. डिस्ने वर्ल्डमधून मोठा उद्रेक झाल्याचे सार्वजनिकरीत्या पुढे आले नाही. राज्याने सर्वत्र मास्कची सक्ती केली नव्हती. कंपनीने आपल्या हद्दीत केली. प्रवेश मर्यादित केले, अंतराच्या खुणा आखल्या, मिरवणुका टाळल्या, पात्रांना पाहुण्यांपासून दूर ठेवले. परंतु यांत कंपनीचे असे काय होते? मोकळी हवा, विरळ गर्दी, झाकलेले नाक-तोंड ही सार्वजनिक आरोग्यशास्त्राची त्या वर्षातली साधी शिकवण. ती सरकारने फाटकाबाहेर राबवली नाही म्हणून फाटकाच्या आत ती जादू वाटली. शासन जेव्हा आपले काम टाकून देते तेव्हा तिकीट काढलेल्यांपुरते ते काम कंपनी करते. याला आदर्श म्हणणे म्हणजे पाण्याचा नळ कोरडा पडल्यावर बाटलीबंद पाण्याचे कौतुक करणे होय.

उलट उदाहरणही त्याच देशात आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १४ मार्च २०२० पासून बंद होते. ते केव्हा उघडावे हे तेथे राज्याने ठरवले. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने जे निकष जाहीर केले त्यांनुसार जिल्ह्यातील संसर्ग अगदी खालच्या पायरीवर आल्याखेरीज मोठी उद्याने उघडणार नव्हती. उद्योगाने आकांडतांडव केले. पुढे निकष काहीसे शिथिल झाले आणि ३० एप्रिल २०२१ रोजी, वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर, सुमारे एक चतुर्थांश क्षमतेने आणि केवळ राज्यातील रहिवाशांसाठी ते उघडले. तत्पूर्वी जानेवारीत त्याच्या वाहनतळावर लसीकरणाचे भव्य केंद्र उभे राहिले होते. या प्रदीर्घ बंदीची किंमत तेथील कामगारांनी मोजली, हे आम्ही विसरत नाही. पण निर्णय कोणाचा, या प्रश्नाला कॅलिफोर्नियाने दिलेले उत्तर नागरिकाला जाब विचारता येईल असे होते. कंपनीला जाब विचारता येत नाही. फार तर तिकिटाचे पैसे परत मागता येतात.

केवळ शासनाच्या हाती निर्णय दिला की सारे आलबेल होते, असा मात्र आमचा भाबडा समज नाही. शांघाय डिस्नेलँड डिस्नेच्या उद्यानांत सर्वांत आधी, ११ मे २०२० रोजी, पुन्हा उघडले तेव्हा त्याचे फार कौतुक झाले. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथे येऊन गेलेल्या एका व्यक्तीला संसर्ग झाल्याचे कळताच फाटके बंद झाली. तीस हजारांहून अधिक माणसांची चाचणी झाल्याखेरीज कोणास बाहेर पडता आले नाही. डोक्यावर आतषबाजी सुरू होती आणि खाली संरक्षक पोशाखातल्या आरोग्यसेवकांपुढे रांगा होत्या. बरोबर एका वर्षाने, ३१ ऑक्टोबर २०२२ ला, पुन्हा तसेच घडले. आत अडकलेल्यांसाठी काही पाळणे फिरतच राहिले. फूकोने आपल्या १९७५ च्या ग्रंथात प्लेगग्रस्त नगराच्या बंदोबस्तापासून शिस्तीच्या आधुनिक यंत्रणेकडे जो प्रवास दाखवला आहे, तो आमचे विद्यार्थी परीक्षेपुरता पाठ करतात. शांघायमध्ये प्लेगचे नगर आणि करमणुकीचे नगर यांत अंतरच उरले नाही. फाटक असलेल्या जागेचा हा गुण आहे : ते दोन्ही बाजूंनी बंद होते.

आता त्या छायाचित्रांविषयी. पाळणा उतरणीवर असताना यंत्र आपोआप छायाचित्र काढते आणि पाहुणा ते विकत घेतो. २०२० च्या अखेरीस डिस्ने वर्ल्डमधील काही छायाचित्रांत मास्क न लावलेल्या चेहऱ्यांवर संगणकाने मास्क रंगवलेले आढळले. तो एक प्रयोग होता व तो थांबवला आहे, असा खुलासा कंपनीने केला. बोद्रियारवाद्यांना येथे आनंदाचे भरते येईल, आणि त्यांच्या आनंदाचाच आम्हांस त्रास होतो. चित्रातला मास्क कोणाचेही रक्षण करीत नाही. शेजारच्या आसनावरचा माणूस, पुढच्या फेरीसाठी तेच आसन पुसणारा कामगार, यांच्या दृष्टीने प्रश्न चिन्हाचा नव्हता, हवेचा होता. पृष्ठभाग पुसण्यावर व फवारण्यावर त्या वर्षी सगळ्याच उद्योगांनी जो भर दिला तोही पुष्कळसा असाच रंगवलेला मास्क होता. संसर्ग मुख्यतः हवेतून पसरतो व पृष्ठभागांवरून होण्याचा धोका कमी आहे, हे स्पष्ट होत गेल्यावरही फवारणी चालू राहिली, कारण ती दिसते. स्वच्छ हवा दिसत नाही.

महासाथ ओसरली आणि मास्क गेले. बाकीचे काय राहिले ते पाहावे. गर्दी मर्यादित राहावी म्हणून डिस्ने वर्ल्डने दिवसागणिक आगाऊ नोंदणी आणली होती. तारखेच्या तिकिटांसाठी तिचे बंधन उठायला जानेवारी २०२४ उजाडले. १९९९ पासून चालत आलेली, रांगेतून सवलत देणारी विनामूल्य सोय महासाथीत बंद झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या जागी मोबाइलवरून घ्यायची सशुल्क सोय आली. तिचे नाव पुढे बदलले, शुल्क राहिले. रांग ही तेथली एकमेव लोकशाही संस्था होती. डॉक्टर, शिपाई, पोर, म्हातारा सारे एकामागे एक उभे. आरोग्याच्या नावाने ती मोडली आणि महसुलाच्या नावाने तिचे तुकडे विकले गेले. आणीबाणीतील नियमाला अंतिम तारीख नसली की तो धंद्याचा नियम होतो.

आमच्याकडे या साऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. भारतात केंद्र सरकारच्या नियमावलीने मनोरंजन उद्यानांना १५ ऑक्टोबर २०२० पासून परवानगीचे दार उघडले. त्याच वर्षी आणि पुढल्याही वर्षी आषाढीची वारी नेहमीसारखी पायी निघाली नाही; संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपुरास गेल्या. तो निर्णय योग्यच होता. जत्रांचे मैदान ओस पडले, तमाशाच्या फडांचा हंगाम बुडाला. आमचा आक्षेप बंदीला नाही, तिच्यामागच्या वर्गवारीला आहे. ज्या गर्दीला फाटक, तिकीट आणि मालक आहे ती 'हाताळता येणारी', आणि जिला यांपैकी काही नाही ती 'धोकादायक', असे गृहीत धरले गेले. विषाणूच्या दृष्टीने निकष वेगळे होते : माणसे किती जवळ, किती वेळ, कोणत्या हवेत. त्या निकषांवर मोकळ्या माळावरचा फड आणि वातानुकूलित बंद दालनातला पाळणा यांची तुलना कोणी केली? फडाच्या बाजूने नियमावली लिहून देणारा विभाग नसतो. उद्यानाच्या बाजूने असतो. बाख्तीन यांच्या कार्निव्हलवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारायला हवा होता.

पुढची महासाथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती आल्यावर हेच प्रश्न पुन्हा उभे राहतील. म्हणून आमची मते निःसंदिग्धपणे नोंदवतो. उद्यान उघडण्याचा निर्णय जाहीर निकषांवर, उत्तरदायी यंत्रणेने घ्यावा आणि तो घेताना तेथे काम करणाऱ्यांच्या संघटनेस मत असावे. चाचणी आणि पगारी आजारपणाची रजा ही उघडण्याची पूर्वअट असावी, उघडल्यानंतरची मेहेरबानी नव्हे. आत आलेल्या माणसाला बाहेर पडण्याची रीत आधी ठरलेली व जाहीर असावी. प्रत्येक तात्पुरत्या नियमावर त्याच्या समाप्तीची तारीख छापलेली असावी. आणि जे निकष फाटक असलेल्या गर्दीस तेच फाटक नसलेल्या गर्दीस लागू व्हावेत.

राहता राहिली समीक्षा. क्लिफर्ड शिअरिंग आणि फिलिप स्टेनिंग या अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच डिस्ने वर्ल्डमधील शिस्त ही कुंपणे, कारंजी, वाटा आणि हसतमुख सूचना यांतच कशी विरघळलेली असते हे दाखवून दिले होते. त्यांचा निबंध आमच्या अभ्यासक्रमांत क्वचितच दिसतो, कारण त्यात चमकदार विरोधाभास कमी आणि निरीक्षण जास्त आहे. बोद्रियार शिकवू नये असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या शेजारी तो निबंध ठेवावा, आणि त्या दोहोंशेजारी २०२० सालचा, त्या नटांनी केलेला, साधासुधा चाचणीचा अर्ज. तीन मजकुरांपैकी वास्तवाशी कोणाचे नाते किती, याची चर्चा विद्यार्थी मग स्वतःच करतील.