काळ्या कापडाआड

ज्या वाचकांच्या घरी आजी-आजोबांच्या लग्नाचे एखादे जुने छायाचित्र जपून ठेवलेले असेल, त्यांनी ते एकदा उजेडात नेऊन पाहावे. शालूच्या काठावरील वेलबुट्टी, मागच्या रांगेतील मुलाच्या कोटाचे लोंबणारे बटण, हे सारे त्यात किती स्वच्छ दिसते! याचे कारण काही जादू नव्हे. ते चित्र ज्या काचेवर किंवा फिल्मवर उमटले, तीच मुळी तळहाताएवढी किंवा त्याहूनही मोठी होती. ४ × ५ इंच मापाची एक फिल्म घेतली, तरी तिचे क्षेत्रफळ पुढे घरोघरी पोहोचलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीच्या सुमारे पंधरापट भरते.

असा एक जुना, भात्याचा कॅमेरा मी दिल्लीत विकत घेतला, त्याची ही हकीकत आहे.

या कॅमेऱ्याची रचना अगदी साधी असते. पुढे भिंग, मागे घासलेली काच आणि मध्ये पेटीच्या भात्यासारखा कातडी भाता. डोक्यावरून काळे कापड ओढून घेतल्यावर त्या काचेवर समोरचे दृश्य दिसू लागते; परंतु ते उलटे! आकाश खाली, जमीन वर आणि डावीकडून जाणारा सायकलस्वार उजवीकडून येणारा. पहिले काही दिवस मी मान वाकडी करकरून पाहत असे. नंतर ध्यानात आले की, उलट्या चित्रात वस्तूंची नावे विसरली जातात आणि केवळ आकार दिसतात. तेव्हा खांब तिरका आहे की सरळ, हे अधिक चांगले कळते. इमारत उंच असली, तर कॅमेरा वर कलवायचा नाही, नाही तर भिंती मागे कोसळत असल्यासारख्या दिसतात. कॅमेरा सरळ ठेवून फक्त भिंगाची पाटी वर सरकवायची. ही युक्ती शिकण्यात माझा एक आठवडा गेला.

फिल्म महाग, म्हणून सराव मी क्ष-किरण तपासणीच्या फिल्मवर केला. ती तांबड्या मंद दिव्यात हाताळता येते व नवशिक्याला ही सोय फार मोठी वाटते. मात्र तिच्या दोन्ही बाजूंना लेप असतो. ताटात जरा घासली की ओरखडा पडलाच.

दिल्लीला या कामाची परंपरा जुनी आहे. १८५८ साली फेलिचे बिआतो याने या शहराची चित्रे काचांवर घेतली. मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना छायाचित्रणाकडे वळले आणि तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले. त्यांच्या चित्रशाळेच्या २,८०० हून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. होमाई व्यारावाला १९४२ पासून याच शहरात साडी नेसून, सायकलवरून सुट्या फिल्मचा अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन हिंडत. एका फिल्मवर एकच चित्र आणि समोर देशाचे नेते! मला तर एका जागी बसलेल्या आईनेच घाम फोडला.

त्याचे असे झाले. माझे बालपण सरोजिनीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या विनयनगरच्या, सरकारी निवासात गेले. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दक्षिण दिल्लीतील सात वसाहतींच्या पुनर्बांधणीस मंजुरी दिली. २०१८ साली तेथील झाडे तोडण्याचा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला व तोडणीस स्थगिती मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात आई पुण्याहून माझ्याकडे आली होती. आमचे जुने घर कुलूपबंद, परंतु उभे होते. आई म्हणाली, “ते पाडण्यापूर्वी तुझ्या त्या पेटीत एकदा धर की!”

माझ्यापाशी दोन होल्डर होते. प्रत्येकात पाठीला पाठ लावून दोन फिल्म, एकूण चार. होल्डरची सरकपाटी ओढली की फिल्म उघडी होते. पाटीची एक कड पांढरी, दुसरी काळी. फिल्म वापरली की काळी कड बाहेर करून पाटी घालावयाची, एवढाच नियम. आई पायरीवर बसली. मागे दार, दारावर घराचा क्रमांक, बाजूला कडुनिंब. धुके होते, म्हणून अर्धा सेकंद उजेड द्यावा लागणार होता.

पहिल्या फिल्मच्या वेळी नजर नेमकी करण्यासाठी उघडलेले शटर मी बंदच केले नाही आणि पाटी ओढली. दुसरी व्यवस्थित झाली, असे मला वाटले. तिसरीच्या वेळी शेजारच्या ओट्यावरून कुणी तरी “काकी!” अशी हाक मारली आणि आईने वळून पाहिले. चौथी केवळ कडुनिंबाची घेतली.

रात्री न्हाणीघरात अंधार करून फिल्म धुतल्या. दिल्लीच्या उन्हाळ्यात गच्चीवरील टाकीचे पाणी इतके तापते की, ताटाखाली बर्फाची परात ठेवावी लागते. डिसेंबरात उलट औषधालाच कोमट पाण्यात ठेवून २० अंशांवर आणावे लागले. पहिली फिल्म पूर्ण काळी निघाली. दुसरीवर आईच्या पदरातून, गळ्यातून आणि कपाळातून कडुनिंबाच्या फांद्या गेल्या होत्या. काळी कड बाहेर करावयास मी विसरले होते व तीच फिल्म दोनदा वापरली होती. साहजिकच चौथी कोरी होती. तिसरीवर आईचा चेहरा म्हणजे धुक्याचा एक पुंजका. मात्र पायरीची फुटलेली कड, दारावरील क्रमांक, कडीला बांधून राहिलेला दोरा, सारे लख्ख.

मी फार खजील झाले. आईने ती निगेटिव्ह खिडकीशी धरून बराच वेळ पाहिली. “घर आले ना? मग झाले. माझे फोटो काय, पुष्कळ आहेत,” ती म्हणाली आणि कडीचा तो दोरा दाराला तोरण बांधण्यासाठी बाबांनी बांधला होता, हे तिने मला सांगितले. मला ते ठाऊक नव्हते.

आई पुण्याला परतल्यावर मी फिल्मची नवी पेटी आणली. होल्डरांवर क्रमांक घातले, पाटीच्या कडा पुन्हा रंगविल्या आणि एका रविवारी एकटीच तिकडे गेले. वसाहतीच्या त्या भागाला पत्र्याचे कुंपण घातलेले होते. पहारेकऱ्याने आत सोडले नाही. कुंपणावरून कडुनिंबाचा शेंडा तेवढा दिसत होता. तिवई रस्त्यावरच मांडून, भिंगाची पाटी जाईल तितकी वर सरकवून मी त्याचे एक चित्र घेतले आणि काळी कड बाहेर केली.