कागदाचे सोवळे

दिवाळी आली की कोणी ना कोणी विद्वान व्यासपीठावरून गहिवरून सांगतो, "ज्याला कागदाचा वास नाही, ते पुस्तकच नव्हे!" टाळ्यांचा कडकडाट होतो. त्या विद्वानाला माझा एकच प्रश्न आहे : महाराज, आपल्याला मोतीबिंदू झाला आहे काय?

मी धुळ्याचा. पंचाहत्तरी ओलांडली आहे. त्या टाळ्यांत एके काळी माझ्याही टाळ्या असत. पुढे बारीक टाइपाच्या ओळी एकमेकींत मिसळू लागल्या. शस्त्रक्रिया झाली, चष्मा बदलला, भिंग आणले. पण दोन पाने वाचली की डोळ्यांना धार लागे. घरच्यांना मात्र मी ऐटीत सांगे, "हल्ली वाचण्याजोगे लिहितो कोण?" दोन वर्षे मांडीवर पुस्तक उघडे ठेवून मी वाचण्याचे सोंग केले! अखेर नातीने ते ओळखले. ई-पुस्तकाचे यंत्र हाती देऊन ती म्हणाली, "आजोबा, अक्षर हवे तेवढे मोठे करा." त्या रात्री मी पुन्हा वाचक झालो.

ती स्वतः मात्र कादंबरी छापीलच वाचते. कॉलेजचा अभ्यास दिवसभर पडद्यावर. रात्री डोळ्यांना कागद हवा, म्हणते. वयापरत्वे गरज बदलते, एवढाच याचा अर्थ. यात धर्म बुडतो कुठे?

हे सोवळे जुनेच आहे. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले, त्या काळी शाईत चरबी असते म्हणून छापील ग्रंथाला न शिवणारी मंडळी होती. त्यांच्यासाठी बिचाऱ्यांनी तुपाची शाई केली. आज ज्याची पूजा बांधता, तेही एकदा ओवळेच होते!

आणि आमच्या धुळ्याचेच पाहा. १९३२ साली येथल्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली, पुस्तक मागाहून झाले. ज्या कैद्यांनी ती नुसती कानांनी ऐकली, त्यांच्यापर्यंत ती पोचली नाहीत काय?

छापील पुस्तक शेजारी देता येते, दिवाळी अंक घरभर फिरतो. ते सुख यंत्रात नाही, हे मला मान्य. माझे खरे भांडण काही प्रकाशकांशी आहे. छापील पानांचे नुसते फोटो काढून ते ई-पुस्तक म्हणून विकतात. अक्षर मोठे करावे, तर ओळ पडद्याबाहेर पळते. ज्याला गरज, त्याच्याच हाती धुपाटणे!

वाचकहो, पाडव्याला घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी घटकाभर बसा. पुस्तक मांडीवर दिसते, पण पान उलटते का, ते पाहा. विचारल्यावर "हल्ली वाचण्याजोगे लिहितो कोण?" असे उत्तर आले, तर वाद घालू नका. अक्षर मोठे करून द्या.