सूज येण्याआधीचे इंजेक्शन

हिमोफिलिया म्हटले की खरचटल्यावर न थांबणारे रक्त डोळ्यांसमोर येते. खरा घात मात्र आत, सांध्यात होतो. धावताना मुलाचा गुडघा टरारून सुजतो, गरम लागतो, पाय सरळ होत नाही. बाहेर रक्ताचा थेंबही नसतो, म्हणून शिक्षकांना ते निमित्त वाटते. त्याच सांध्यात वारंवार रक्त साचले की कूर्चा झिजते आणि ऐन विशीत हाती कुबडी येते. हे टाळता येते, म्हणूनच ते अक्षम्य आहे.

‘ए’ प्रकारात रक्त गोठवणारा आठवा घटक (फॅक्टर) कमी असतो, ‘बी’मध्ये नववा. तो शिरेतून नियमित दिला, तर बहुतेक रक्तस्राव आधीच रोखता येतात. ‘ए’साठी एमिसिझुमॅब त्वचेखालीही टोचता येते. आपल्याकडे मात्र अनेकांना इंजेक्शन मिळते ते सूज आल्यावर, तेही जिल्ह्याचे ठिकाण गाठून. एसटीच्या त्या प्रवासात सांधा भरत राहतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आला, हे चांगलेच. पण तालुक्याच्या रुग्णालयातील फ्रिजमध्ये फॅक्टरची कुपी असणे अधिक निकडीचे आहे.

बायकांचे दुखणे तर कुणी मोजतच नाही. वॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचाच दुसरा विकार असलेल्या मुलीची पाळी आठ-दहा दिवस चालते, अंगावरून खूप जाते आणि ‘आमच्याकडे सगळ्यांचं असंच’ म्हणून विषय संपतो. हे वाक्य कानी पडताच डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहून द्यायला हवी. हा विकार बहुधा आनुवंशिकच असतो.