कोचबाईंचा परवाना कोणी पाहिला?

पूर्वी क्रिकेटला कोच असे आणि गणितात कच्च्या पोरांना क्लास. आता बढतीसाठी कोच, नोकरी बदलायला कोच, मुले वाढवायला कोच, आणि नेमके काय बिनसले आहे तेच कळत नसेल तर ‘लाइफ कोच’! इस्रायलमध्ये याला ‘इमून’ म्हणतात आणि हा शब्द आता आपल्या घरांतही शिरला आहे. या धंद्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिणे आम्हांला भाग आहे.

शिकवण्याला आमचा विरोध नाही. टेनिस शिकवणारे टिमोथी गॅल्वे यांनी १९७४ साली पुस्तक लिहून सांगितले की खेळाडूवर सूचनांचा मारा करू नका, त्याचे लक्ष योग्य जागी वळवा. पुढे इंग्लंडच्या जॉन व्हिटमोर यांनी हाच विचार कचेऱ्यांत नेला. विचारात खोट नाही. धडधाकट माणसाला नोकरीतला पुढचा टप्पा ठरवायला असा कोच उपयोगी पडतो. (कोचचे पैसे कंपनी भरत असेल, तर आपले बोलणे साहेबाच्या कानी किती जाणार, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.)

आमचे भांडण आहे ते दुखणाईताला गिऱ्हाईक करणाऱ्यांशी.

सौदी अरेबियाला जोडणारा पूल १९८६ साली खुला झाला. त्या पुलाच्या बहारीनकडील बाजूस जनाबिया ही वस्ती आहे. बंगले, कंपाउंडे, परदेशी नोकरदारांची कुटुंबे. मुंबईत आमच्याबरोबर नर्सिंग शिकलेली एक मैत्रीण तेथे मुलाकडे राहते. तिच्या शेजारची मुलगी बाळंत होऊन दोन महिने झालेले. नवरा पहाटेच पूल ओलांडून कामाला जाई, आई भारतात परतलेली. मुलीला झोप नाही, डोळ्यांचे पाणी खळत नाही, बाळाला हात लावावासा वाटत नाही. कोणीतरी लाइफ कोच सुचवली. कोचबाईंनी सहा बैठका घेतल्या. रोज सकाळी तीन चांगल्या गोष्टी वहीत लिही, म्हणाल्या. मनात आणलेस तर सारे होईल!

आमच्या मैत्रिणीने तिला जवळ बसवून एडिंबरो प्रश्नावलीतले दहा प्रश्न विचारले. १९८७ सालापासून प्रचारात असलेली ही प्रश्नावली टिपात खालावमधल्या नर्सही वापरतात. दहावा प्रश्न असा, की स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का? मुलगी ‘हो’ म्हणाली. त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेले. सहा बैठकांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता!

बहारीनमध्ये नर्सला २००९ साली स्थापन झालेल्या आरोग्य नियामक संस्थेचा परवाना लागतो. इस्रायलमध्ये सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला १९७७ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. कोच म्हणवून घ्यायला पाटी पुरते. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन १९९५ पासून आहे, पण ती खाजगी संस्था. सभासद होण्याची सक्ती नाही. तिच्या पहिल्या दाखल्याला शिक्षणाचे ६० तास आणि प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास पुरतात. आम्ही तीन वर्षे वॉर्डात झिजलो तेव्हा कुठे रात्रपाळीला एकटे उभे केले गेलो. बरे, गरज दिसल्यास माणसाला योग्य उपचारांकडे पाठवावे, असे ही फेडरेशनसुद्धा सांगते. पण ऐकणार कोण?

काही वाचक म्हणतील, डॉक्टरकडे नेले की लोक मुलीला वेडी म्हणतात, कोचकडे नेले तर कोणी बोलत नाही. खरे दुखणे इथेच आहे, मंडळी! कोचची फी आपण पुष्कळदा ही लाज झाकण्यासाठी भरतो. साखर वाढली तर अख्ख्या बिल्डिंगला सांगतो, कुपात खोलीमच्या रांगेत दोन तास बसतो. आणि बाळंतिणीच्या मनाचे दुखणे असेल तर दार लावून घेतो. आम्ही प्रसूतीच्या वॉर्डात वर्षे काढली. हा आजार आळशीपणाचा नाही, कमकुवत मनाचाही नाही. तो ओळखता येतो, त्यावर औषध आहे, आणि दिरंगाई झाली तर जीव जातो.

सबब, कोचला पहिला हप्ता देण्याआधी दोन गोष्टी विचारा. शिक्षण कोठे, किती तास झाले? आणि कोणती लक्षणे दिसली तर तुम्ही काम थांबवून डॉक्टरकडे पाठवता? समारंभांतून अशा मंडळींची व्याख्याने ठेवणाऱ्या आपल्या संस्थांनीही हेच दोन प्रश्न व्यासपीठावरून, सर्वांदेखत विचारावेत.